मास्तरांचं नाक

या, असे पुढे येऊन बसा. लांब बसलात तर हसू तेवढं पोहोचेल आणि बाकीचं मध्येच सांडेल. गोष्ट सांगायची आहे ती एका सहलीच्या बेताची. द्राक्षमळ्यांच्या दरीत दोन दिवस जायचं, चार ठिकाणची वाइन चाखायची आणि परत यायचं, एवढाच बेत. वाइनचं नाव काढलं म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नका. जिची ही गोष्ट आहे, तिने जन्मात त्यातला थेंब जिभेवर ठेवला नाही. देवाने तिला एक देणं दिलं होतं. ते चारचौघांत तिच्याकडून कसं काढून घेतलं, ते ऐका, आणि मग तिने स्वतः काय केलं, तेही ऐका. नुसतं पहिलं ऐकून उठू नका.

एक छापखाना होता. तिथे पुस्तकं नाहीत, वर्तमानपत्र नाही, फक्त बाटल्यांवरची लेबलं छापायचे. खाली यंत्रं, डिंक, शाई, कागदाची रिळं. वर जिन्याच्या टोकाला काचेची एक खोली, आणि त्या खोलीत मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या चुका लाल पेनाने काढायचे म्हणून मास्तर. आणि मास्तरांची बायको म्हणून ती मास्तरीणबाई.

मास्तरांकडे प्रुफं तपासण्याखेरीज एक खास काम होतं. वाइनच्या बाटलीच्या पाठीवर एक छोटं लेबल असतं. आत काय आहे, वास कसला, चव कशी, हे त्यावर तीन ओळींत लिहिलेलं असतं. दरीतले मळेवाले बाटली पाठवून द्यायचे. मास्तर एक घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे, पत्र्याच्या मगात थुंकायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि तीन ओळी लिहायचे. बावीस वर्षं हे चाललं होतं. दुकानात लोक बाटली फिरवून आधी पाठ वाचायचे. मास्तरांच्या नाकावर दरीतल्या लोकांचा एवढा विश्वास, की स्वतःच्या मळ्यातली वाइन कशी झालीय हे त्यांनाही लेबल छापून आल्यावरच कळायचं.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांना ताप आला. बारा दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं, पण नाकाची पाटी कोरी. कळलं कसं? मास्तर स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि हातभर अंतरावर दूध करपून भांडं काळं झालं तरी त्यांना पत्ता नाही. मास्तरीणबाई बाहेरून धावत आली आणि गॅस बंद केला. मास्तरांनी भांड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मग म्हणाले, आता आपण संपलो.

तिने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बाटली घरी आणत जा. वास मी घेते. लिहायचं तुम्ही."

झालं. तेव्हापासून मास्तर बाटल्या पिशवीत घालून घरी आणू लागले. जेवणं आटोपली की ती खिडकीपाशी उभी राहायची, मनात देवाची क्षमा मागायची आणि पेल्यावर नाक धरायची. मग आपल्या घरच्या शब्दांत सांगायची. हिच्यात खोडरबर आहे. हिच्यात जुन्या पाकिटात चॉकलेट विसरलंय. ही म्हणजे शिवणयंत्राचं तेल, पण वाईट नाही. मास्तर ते घोटून घोटून असं काही लिहायचे की खोडरबराचंही सोनं व्हावं. तीन वर्षांत मास्तरांची लेबलं आधीपेक्षा चांगली झाली. मळेवाल्यांची कौतुकाची पत्रं आली. मास्तरांनी ती तिलाच वाचून दाखवली, आणि दोनतीनदा त्यांचा आवाजही भरून आला. माणूस दगड नव्हता, हे ध्यानात असू द्या.

एका बाटलीत मात्र तिचा जीव गुंतला होता. दरीच्या टोकाला, डोंगरावर एक लहान मळा होता. त्यांची पांढरी वाइन पहिल्यांदा हुंगली तेव्हा ती पेला हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे वडील सुतार होते. ताजा रंधा मारलेलं लाकूड, त्याच्या कुरळ्या पापुद्र्यांचा ढीग, त्यात कुठेतरी मधाचं बोट. वडिलांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती, आणि ते त्या पेल्यात उभे होते. मास्तरांनी सांगितलं की ती वाइन लाकडी पिंपांत मुरते, डोंगराखाली तळघर आहे, तिथे अशी शंभर पिंपं आहेत. त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. त्या तळघरात एकदा जाऊन उभं राहायचं. दुसरं काही नको.

आणि या वर्षी छापखान्याची सहल ठरली. मालक म्हणाले, इतकी वर्षं दरीची लेबलं छापतोय, एकदा सगळे मिळून जाऊन येऊ. बारा सीटांची गाडी. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायला हरकत नाही. मास्तरांच्या शेजारची सीट मास्तरीणबाईची, हे न बोलता ठरलं. तिने चालायला मऊ बूट घेतले, घरातल्या घरात घालून पाहिले आणि परत खोक्यात ठेवले.

बेत आखायला मंडळी रविवारी मास्तरांच्या घरी जमायची, कारण त्यांचं जेवणाचं टेबल मोठं. मालक यायचे. मालकांची भाची यायची. नुकतीच शिकून आलेली, चुणचुणीत, वर्षभरात मास्तरांच्या काचेच्या खोलीत आपली खुर्ची लागावी असं तिच्या मनात होतं आणि ते तिने लपवलंही नव्हतं. बाइंडर यायचा, आणि त्याची बायको, जिला सगळे बाइंडरीण म्हणायचे आणि जिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. टेबलावर दरीचा नकाशा पसरायचा. आधी पांढऱ्या, मग लाल, हे भाचीने समजावलं. बाइंडरने विचारलं की थुंकायचंच असेल तर एवढ्या लांब कशाला जायचं, इथेच थुंकू. भाची म्हणाली, प्रत्येक टेबलाशी बादली असते, सगळे त्यातच थुंकतात, जाणकार असेच करतात. बाइंडरीण म्हणाली की मग आमचे हे जन्माचे जाणकार आहेत, जिन्यात बघा हवं तर. मास्तरीणबाई चहा देताना हसली. ते त्या टेबलाशी तिचं शेवटचं हसू.

तिसऱ्या रविवारी वाद निघाला तो डोंगरावरच्या मळ्याचा. रस्ता वळणावळणाचा, जाऊन यायला तीन तास. मालकांच्या मते तो गाळावा. भाची म्हणाली, बाटलीच आणली आहे, चाखून ठरवू. बूच निघालं, पेले भरले. मास्तरांनी पेला हलवला, डोळे मिटले आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेल्या ओळी घडाघडा म्हटल्या: नुकतं तासलेलं लाकूड, रानातला मध, शेवटाला किंचित उन्हाची ऊब.

बाकीच्यांनी हुंगलं. बाइंडरने तोंड वाकडं केलं. मालकांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, मास्तर म्हणतात तर असेल बाबा लाकूड आणि मध, पण मग ते आपल्यासाठी नाही. गाळून टाका. भाचीने नकाशावरच्या त्या टोकावर पेन्सिलीने फुली मारली.

मास्तरीणबाई दाराशी ट्रे घेऊन उभी होती. बूच निघालं तेव्हाच तिला वास आला होता. तिला गप्प बसता आलं असतं. पण ती फुली तिला थेट छातीवर ओढल्यासारखी वाटली.

"गाळू नका," ती म्हणाली. "मळ्याचा दोष नाही. ही बाटली बिघडलीय. ओल्या गोणपाटाचा वास येतोय नुसता. दुसरी फोडून बघा."

एकेकाळी मास्तरांनीच तिला सांगितलं होतं की बूच खराब निघालं की एखादी बाटली अशी नासते. शंभरात एक. शेजारची तीच वाइन उत्तम असते. मास्तरांच्या पाठ केलेल्या ओळी बरोबर होत्या, फक्त या बाटलीच्या नव्हत्या.

भाचीने पुन्हा पेला नाकाशी नेला आणि मास्तरांकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. बावीस वर्षं आणि काचेची खोली त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असेल. आणि मग त्यांनी जे केलं ते करायला त्यांना एक क्षणही लागला नाही, हेच सांगताना जड जातं.

ते हसले. अगदी मायेने हसले. "तिचं मनावर घेऊ नका. तीन वर्षांपूर्वी ताप आला होता ना घरात, त्यात तिचा वास गेला. भलतेच वास येतात म्हणते. दूध करपून भांडं काळं होतं तरी पत्ता नसतो बिचारीला. मी कुठे बोललो नाही, तिला वाईट वाटतं म्हणून."

मास्तरीणबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो नकाशाकडे बघत होता.

सगळ्यांना तिची दया आली. चांगली माणसं होती, दया भरभरून आली. मालक म्हणाले, अरेरे, वहिनी, आधी नाही का सांगायचं. बाइंडरीण तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली, जणू वास नाही तर कान गेलेत. बाइंडरने गंमत म्हणून चिरलेला कांदा आणून तिच्या नाकाखाली धरला. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा तो म्हणाला की डोळे शाबूत आहेत. हसण्यासारखं होतं, सगळे हसले, मास्तरही हसले.

मग सीटची गोष्ट निघाली. मालकांच्या मेहुण्यांना यायचं होतं आणि गाडी भरली होती. वास नाही, पीत नाही, तर वहिनी तिथे करणार काय, उगाच त्यांनाच कसंतरी होईल, असं कोणीतरी मायेने म्हणालं. मास्तर म्हणाले, ती स्वतःच परवा म्हणत होती, मी घरीच बरी. भाचीने यादीवर एक रेघ मारली आणि वर मेहुण्यांचं नाव लिहिलं.

मंडळी गेल्यावर मास्तरांनी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, दुसरं काही सुचलंच नाही, अगं, भाकरीचा प्रश्न आहे, तू समजून घेशील. तिने हात सोडवून घेतले आणि कप विसळायला गेली.

पण भाची काही खुळी नव्हती. तिने घरी जाऊन त्याच मळ्याची दुसरी बाटली फोडली आणि तिला लाकूडही मिळालं आणि मधही. बुधवारी दुपारी, मास्तर कामावर असताना, ती पिशवीत दोन झाकलेले पेले घेऊन आली आणि ते त्याच टेबलावर ठेवले.

म्हणाली, एकात बिघडलेली आहे, दुसऱ्यात चांगली, कुठली कशात ते सांगा. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, खरं सांगा. माझी सीट तुम्हाला देते. डोंगरावरचा मळाही परत घालते यादीत. आणि पुढच्या लेबलापासून तुमचं नाक, तुमचं नाव."

मास्तरीणबाईने पहिला पेला उचलला. गोणपाट. दुसरा उचलला. वडील रंध्यावर वाकले होते, कानामागे पेन्सिल. तिने तो पेला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला. एक शब्द बोलली असती तर शनिवारी ती त्या तळघरात उभी असती, आणि सोमवारी मास्तर रस्त्यावर.

"मला कसलाच वास येत नाही, बाळ," ती म्हणाली. "दोन्ही पाणीच."

भाचीने पेले उचलून मोरीत ओतले. चांगलाही ओतला. दाराशी जाऊन म्हणाली, "बरं. मग मास्तरांना येतो का, ते तिकडेच बघू. सगळ्यांसमोर."

एवढं स्पष्ट ती सांगून गेली. आता ऐका, कारण इथेच गोष्ट वळते. संध्याकाळी मास्तर आले, जेवले, झोपले. मास्तरीणबाई भाची आल्याचं बोलली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी मास्तर सहा बाटल्या घेऊन आले. तिथे जे जे ओतणार होते त्याचे नमुने मळेवाल्यांनी आधीच पाठवले होते. तिने हुंगायचं, मास्तरांनी पाठ करायचं, म्हणजे दोन दिवस निभावले असते. त्यांनी पेले ओळीने मांडले, वही उघडली आणि हाक मारली.

ती आली, पहिल्या पेल्यावर वाकली आणि सरळ उभी राहिली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

मास्तर आधी हसले. मग चिडले. मग म्हणाले, सूड उगवायची ही वेळ आहे का. मग हात जोडले, खरोखर जोडले. ती सहाही पेल्यांवर एकेकदा वाकली, अगदी शांतपणे, आणि सहाही वेळा म्हणाली, येत नाही. तिला सहाही कळले होते. चौथ्यात ओल्या पाटीचा वास होता, इतका सुरेख की तिच्या ओठांवर शब्द आला होता. तिने तो गिळला.

मास्तर म्हणाले, नसू दे, बावीस वर्षांची पुण्याई आहे, जुन्या ओळी फिरवून म्हणेन. आणि शनिवारी सकाळी केस विंचरून, उत्तम कोट घालून निघाले. तिने बॅगेत रुमाल ठेवला. भाचीचं बोलणं अजूनही सांगता आलं असतं. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. तिने दार उघडून धरलं.

रविवारी दुपारी बाइंडरणीचा फोन आला. मंडळी परत येऊन छापखान्यात सामान उतरवत होती आणि तिच्याने राहवलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. पहिल्या ठिकाणी भाचीने मास्तरांना यादीतल्या लालऐवजी भलतीच लाल दिली, मास्तरांनी ती यादीतलीच समजून वाखाणली. दुसऱ्या ठिकाणी रंग घातलेला द्राक्षाचा रस दिला. मास्तर म्हणाले, कोवळी आहे, पण पुढे नाव काढेल. तोवर सगळ्यांना कळलं होतं. मालकांनाही. कोणी बोललं नाही, कारण मजा येत होती.

"आणि मग डोंगरावर गेलो हो वहिनी. भाचीने शेवटी घातलाच तो मळा. तळघरात काय लाकडाचा वास, अहाहा. म्हणजे तुम्हाला काय कळणार म्हणा. मळेवाला नवी बाटली आणायला आत गेला आणि भाचीने बादलीत पेला बुडवला. थुंकायच्या. वरून पुसला आणि मास्तरांच्या हातात दिला."

मास्तरांनी तो पेला उजेडाकडे धरला. एक घोट घेतला. तो त्यांनी थुंकला नाही, कारण सगळे इतक्या आदराने बघत होते. गिळला. पिकलेलं आलुबुखार, म्हणाले, आणि खूप माणसांची सोबत लाभलेली वाइन आहे ही. मालकांनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. बाइंडरने लिहून घेतलं. मालकांचे मेहुणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मी नाही हसले हो," बाइंडरीण म्हणाली. "म्हणजे तिथे नाही हसले. गाडीत हसले."

मालकांनी ठरवलं होतं की मास्तरांना काढायचं नाही. म्हातारा माणूस आहे, बसू दे वर काचेत, लिहू दे काय लिहायचं ते. छापायचं भाचीचं. दर महिन्याला त्यांच्याकडे एकदोन बाटल्या पाठवायच्या, काहीही भरून. मजा वर्षभर पुरेल. एवढं सांगून बाइंडरीण रडू लागली, आणि मास्तरीणबाईने तिची समजूत काढून फोन ठेवला.

संध्याकाळी मास्तर आले ते दारातूनच बोलत. चेहरा असा उजळलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. उगाच भ्यालो मी, म्हणाले. आधी ओळी आठवाव्या लागत होत्या, पण हळूहळू शब्द आपोआप यायला लागले. कोणास ठाऊक, कदाचित वासही परत येत असेल. डोंगरावर तर कमाल झाली. एक पेला असा लागला, अगं, जन्मात विसरणार नाही. सगळे गप्प. मालक म्हणाले, मास्तर, पुन्हा म्हणा.

तिने त्यांची बॅग आत नेऊन ठेवली.

"पुढच्या वर्षी तूही चल," मास्तर म्हणाले. "मी सांगेन त्यांना, हिला थोडाथोडा वास यायला लागलाय म्हणून."

"बरं," ती म्हणाली. "आधी चूळ भरून या."

"आल्या आल्या?"

"प्रवासातून आलात. नीट भरा. दोनतीनदा भरा."

मास्तर गुणगुणत मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज आला, घशातल्या गुळण्यांचा आला, आणि मध्येच त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हणून पाहिली, कशी वाटते ते ऐकायला. मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभी राहिली. मग मोरीच्या दारातून रुमाल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, आज तू अगदी गप्प आहेस. ती म्हणाली, दमलेय.

तिने त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि अजूनही नाही. बाटल्या घरी येतात, मास्तर स्वतःच चाखतात, लिहितात, खूश होतात. ती शेजारच्या खोलीत असते आणि तिला सगळ्याचा वास येतो, बाटलीत काय भरलेलं आहे त्याचासुद्धा.

आता उठायच्या आधी एकच मागणं आहे. देवापुढे उभे राहाल, स्वतःचं सगळं मागून होईल, तेव्हा या बाईची आठवण ठेवा. मास्तरांसाठी ती रोज हात जोडते. स्वतःचं नाव मात्र तिला देवापुढे घेववत नाही.